रातोरात जाणारा माल

जर्मनीच्या पूर्व भागांत लाइपझिग नांवाचें एक जुनें शहर आहे. व्यापारी जत्रा, पुस्तकांचे छापखाने आणि संगीतकार बाख ह्याचें सत्तावीस वर्षांचें वास्तव्य ह्यांमुळें तें युरोपांत नांवाजलेलें आहे. हें शहर आणि शेजारचें हाले ह्या दोहोंच्या मध्यें एक विमानतळ आहे. दिवसा तेथें जाणाऱ्या प्रवाशास तो बेताचाच, किंबहुना थोडा ओसाडच वाटावा. परंतु रात्रीचे दहा-अकरा वाजून गेले, कीं आकाशांतून एकामागून एक दिवे खालीं उतरूं लागतात. युरोपच्या निरनिराळ्या राजधान्यांतून, आशियांतून आणि अमेरिकेंतून निघालेलीं साठांच्या आसपास विमानें थोड्या तासांच्या अवधींत येथें येऊन टेकतात, आणि उजाडण्यापूर्वीं बहुतेक सारीं पुन्हां उडून जातात. त्यांत उतारू एकही नसतो. पुष्कळशा विमानांचा रंग पिवळा असतो, आणि त्यांच्या अंगावर तांबड्या रंगांत ‘डी. एच. एल.’ हीं तीन अक्षरें रंगविलेलीं असतात.

हींच तीन अक्षरें मिरविणाऱ्या गाड्या मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरही दिसतात. परदेशीं असलेल्या मुलाकडून आलेलें एखादें पार्सल दारांत येऊन पडतें, आणि ‘इतक्या लवकर कसें आलें?’ असा प्रश्न घरांत उठतो. त्याचें सहज सुचणारें उत्तर असें, कीं विमान फार वेगानें आलें असेल. हें उत्तर बरोबर नाहीं. मालाचें विमान उतारूंच्या विमानापेक्षां अधिक वेगानें उडत नाहीं. पुष्कळदां तर तें उतारूंच्या सेवेंतून काढलेलें जुनेंच विमान असतें. वेळ वांचतो तो आकाशांत नव्हे. जग झोंपलेलें असतां जे आठ-दहा तास कोणाच्याच उपयोगीं पडत नाहींत, ते तास ही कंपनी विकते. रात्र हाच ह्या धंद्याचा कच्चा माल होय.

कंपनीची सुरुवात विमानांपासून झाली नाहीं, कागदांपासून झाली. १९६९ सालीं एड्रियन डाल्सी, लॅरी हिलब्लूम आणि रॉबर्ट लिन ह्या तिघां अमेरिकनांनीं सॅन फ्रान्सिस्को येथें ती काढली, आणि त्यांच्या आडनांवांच्या आद्याक्षरांवरून तिला नांव पडलें. त्या काळीं सॅन फ्रान्सिस्कोहून होनोलुलूस मालाचीं जहाजें जात. मालाचे कागद जहाजाबरोबरच पोंचत, आणि ते हातीं पडल्यावर जकातीचें काम सुरू होई. तोंपर्यंत भरलेलें जहाज बंदरांत अडकून राही. तिघांनीं युक्ति काढली ती अशी, कीं कागद विमानानें पुढें न्यावे, म्हणजे जहाज धक्क्यास लागण्याच्या आधींच जकातीचा निकाल झालेला असेल. ह्यासाठीं त्यांना स्वतःचें विमान लागलें नाहीं. साधें उतारूचें तिकीट काढावें आणि सामान म्हणून कागदांची थैली न्यावी, एवढेंच भांडवल. हीच युक्ति आजही चालू आहे. फरक इतकाच, कीं कागदांची जागा तारेवरून धांवणाऱ्या माहितीनें घेतली आहे. पार्सल आकाशांत असतां त्याचा तपशील पुढच्या देशाच्या जकात-कचेरींत पोंचलेला असतो. २००२ सालच्या अखेरीपर्यंत ही कंपनी संपूर्णपणें जर्मन टपाल कंपनीच्या, म्हणजे ड्यूश पोस्टच्या, ताब्यांत आली.

उतारूंच्या विमानांच्या पोटांतील जागा कंपनी अजूनही विकत घेते. मग स्वतःचीं तीनशेंहून अधिक विमानें राबविण्याचा खटाटोप कशासाठीं? कारण उतारूंचें विमान उतारूंच्या सोयीनें सुटतें. लोकांना दिवसा निघावयाचें असतें आणि रात्रीं आपल्या बिछान्यांत झोंपावयाचें असतें. मालाचें नेमकें उलट आहे. कारखाना संध्याकाळीं सहाला बंद होतो. त्यापूर्वीं पार्सल बांधून तयार होत नाहीं. घेणारा दुसऱ्या दिवशीं सकाळीं नऊला कचेरी उघडतो, आणि त्या वेळीं त्याला तें दारांत हवें असतें. मधल्या पंधरा तासांत जें काय करावयाचें तें करावें.

ह्या पंधरा तासांचा हिशेब बसविण्यासाठीं चाकाच्या तुंब्याची आणि आऱ्यांची रचना वापरतात. समजा, पन्नास शहरें आहेत आणि त्यांपैकीं प्रत्येकास दुसऱ्या प्रत्येकाशीं थेट जोडावयाचें आहे. गणित केल्यास बाराशें पंचवीस मार्ग होतात, आणि बहुतेक मार्गांवर विमानांत दोन-चार पार्सलेंच असतील. त्याऐवजीं सर्व विमानें एका मध्यवर्ती ठिकाणीं आणलीं, तेथें मालाची अदलाबदल केली आणि तींच विमानें परत पाठविलीं, तर पन्नास मार्गांत काम भागतें. व्हिएन्नाहून प्राग अवघें अडीचशें किलोमीटर. पण व्हिएन्नाचें पार्सल लाइपझिगला जाऊन मग प्रागला आलें, तरी तें लवकरच येतें, हें ऐकणाऱ्यास प्रथम विचित्र वाटतें. हवाई पार्सलांच्या धंद्यांत ही रचना प्रथम मोठ्या प्रमाणावर अमलांत आणली ती फेडरल एक्सप्रेस ह्या दुसऱ्या अमेरिकन कंपनीनें. १७ एप्रिल १९७३ च्या रात्रीं मेम्फिस शहरांतून तिचीं चौदा छोटीं विमानें निघालीं आणि त्या रात्रीं पंचवीस शहरांना मिळून १८६ पार्सलें गेलीं. आरंभ म्हणावा तर असा बेताचा.

लाइपझिगच्या त्या रात्रींत काय घडतें, हें जरा सावकाश पाहण्यासारखें आहे. विमानांत पार्सलें सुटीं रचीत नाहींत. तीं अल्युमिनियमच्या मोठाल्या डब्यांत भरलेलीं असतात, आणि विमानाच्या अंगाची गोलाई जशी असेल तसाच त्या डब्यांचा वरचा भाग वळविलेला असतो, म्हणजे चार बोटें जागाही फुकट जात नाहीं. विमानाच्या तळावर लाटण्यांसारखे रूळ बसविलेले असल्यामुळें टनाहून जड डबाही दोघे-तिघे माणसें ढकलून दाराशीं आणूं शकतात. डबे इमारतींत जातात, उघडले जातात, आणि पार्सलें सरकत्या पट्ट्यांवर पडतात. तेथें प्रत्येकावरील काळ्या-पांढऱ्या रेघांची खूण यंत्राचा डोळा वाचतो, वजन व मापें घेतलीं जातात, आणि योग्य त्या फाट्यावर पार्सल आपोआप वळतें. ताशीं दीड लाखांपर्यंत नग वेगळे करण्याची ह्या यंत्रांची शक्ति आहे. तरी सर्वच यंत्रांवर सोंपविलेलें नाहीं. वेडेवांकडे, लांबोडके, फुटणारे, गळणारे नग माणसांच्याच हातांतून जातात, आणि विमानांत कोणता डबा पुढें व कोणता मागें ठेवावयाचा हेंही माणूसच ठरवितो. विमान तराजूसारखें आहे; एकूण वजन बरोबर असून तें भलत्या टोकास पडलें, तर विमान जमिनीवरच शेपटीवर बसतें, आणि आकाशांत ह्याहून वाईट घडतें.

येथेंच एक घरगुती कोडें सुटतें. हलक्या वस्तूचें भाडें इतकें भारी कां पडतें? विमान वजनानें भरण्याआधीं पुष्कळदां जागेनें भरतें. म्हणून लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरांत मोजून त्यांच्या गुणाकारास पांच हजारांनीं भागतात, आणि येणारा आंकडा खऱ्या वजनापेक्षां मोठा असेल, तर तेंच वजन धरून भाडें आकारतात. साठ सेंटिमीटर लांब, चाळीस रुंद आणि वीस उंच अशा खोक्यांत एक किलोची उशी पाठविली, तर भाडें ९·६ किलोचें भरावें लागतें. उशा परदेशीं पाठवूं नयेत, हें उत्तम.

एवढें सारें नीट चाललें असतां एखादें विमान धुक्यामुळें किंवा बिघाडामुळें उशिरां आलें, तर काय करावयाचें? हाच ह्या रचनेचा कच्चा दुवा. त्या एका विमानांत इतर सर्व विमानांचीं थोडथोडीं पार्सलें असतात. त्याची वाट पाहावी तर सारें जाळें उशिरां धांवूं लागतें. न पाहावी तर त्यांतील मालाचा एक दिवस जातो. म्हणून रात्रभर हवामान आणि विमानें ह्यांवर नजर ठेवणारीं स्वतंत्र केंद्रें असतात, आणि वेळप्रसंगीं धाडण्यासाठीं कांहीं विमानें व वैमानिक रिकामे तयार ठेवलेले असतात. रिकामें उभें असलेलें विमान हा वरवर पाहतां निव्वळ अपव्यय. पण त्यावांचून वेळेचें वचन देतांच येत नाहीं.

पृथ्वीच्या फिरण्याचाही कंपनीनें हिशेब धरला आहे. हाँगकाँगहून रात्रीं आठला विमान निघालें आणि तेरा तास उडत राहिलें, तर तेथील घड्याळांत सकाळचे नऊ होतात. पण हिंवाळ्यांत लाइपझिगचें घड्याळ सात तास मागें असल्यामुळें तेथें रात्रीचे दोनच वाजलेले असतात. विमान जणूं रात्रीबरोबर धांवत आलें. पश्चिमेकडे जाणाऱ्या मालाला हा लाभ होतो. पूर्वेकडे जाणाऱ्या मालाचे तेवढेच तास बुडतात. कंपनीनें आपलीं तीन मुख्य केंद्रें आशियांत हाँगकाँग, युरोपांत लाइपझिग आणि अमेरिकेंत सिनसिनाटीजवळ अशीं मांडलीं आहेत. मध्यपूर्वेंत बहारीन आणि इंग्लंडांत ईस्ट मिडलँड्स अशीं दुय्यम केंद्रेंही आहेत.

विमानांच्या निवडींतही असाच हिशेब आहे. युरोपांतल्या युरोपांत फिरणारें विमान संध्याकाळीं दोन तास आणि पहाटे दोन तास उडतें. बाकीचा दिवस उभें असतें. अशा कामास कोट्यवधि रुपयांचें नवें विमान घेणें परवडत नाहीं. म्हणून उतारूंची वीस वर्षें सेवा केलेलें बोइंग ७५७ सारखें विमान घ्यावयाचें, आसनें काढावयाचीं, खिडक्या बुजवावयाच्या, जमीन बळकट करावयाची आणि कुशींत मोठा दरवाजा कापावयाचा, कीं तें आणखी कित्येक वर्षें मालासाठीं राबतें. तें तेल जास्त खातें, पण थोडेच तास उडत असल्यामुळें तें खपून जातें. समुद्र ओलांडणाऱ्या विमानांचें उलट आहे. तीं बहुतेक दिवस-रात्र आकाशांतच असतात. तेथें तेलाचा खर्चच मोठा, म्हणून तेथें नवें व काटकसरी यंत्र हवें. सुमारें शंभर टन माल घेऊन एका उड्डाणांत नऊ हजार किलोमीटर जाणारीं बोइंग ७७७ जातीचीं चौदा विमानें कंपनीनें २०१८ सालीं मागविलीं, त्याचें कारण हेंच.

आतां एक गोष्ट अशी, जी पिवळ्या रंगावरून मुळींच लक्षांत येत नाहीं. हीं सर्व विमानें एका विमान-कंपनीचीं नाहींत. १९४४ च्या शिकागो येथील करारान्वयें प्रत्येक राष्ट्र आपल्या माथ्यावरील आकाशाचें स्वामी आहे, आणि कोणाचीं विमानें तेथून जावींत हें राष्ट्रें आपसांत ठरवितात. ह्या व्यवहारांत विमान-कंपनीला जणूं नागरिकत्व असावें लागतें. अमेरिकेंत तर कायदाच असा आहे, कीं विमान-कंपनींतील मताधिकाराचा निदान पाऊण हिस्सा अमेरिकन नागरिकांच्या हातीं असला पाहिजे. तेव्हां जर्मन मालकीच्या कंपनीला अमेरिकेंत स्वतःची विमान-कंपनी ठेवतां येत नाहीं. २००३ सालीं तिनें एअरबोर्न ही अमेरिकन कंपनी घेतली, तेव्हां तिचा जमिनीवरील कारभार तेवढा घेतां आला. उडणारा भाग ए. बी. एक्स. एअर ह्या नांवानें वेगळा अमेरिकनच राहिला, आणि मग त्याच कंपनीचीं विमानें भाड्यानें घ्यावीं लागलीं.

ह्यामुळें पिवळ्या रंगाखालीं एक मोठें एकत्र कुटुंब नांदतें. लाइपझिगला युरोपियन एअर ट्रान्स्पोर्ट आहे, इंग्लंडांत वेगळी कंपनी आहे, आणि ब्रिटननें युरोपीय संघाबाहेर पडण्याचें ठरविल्यावर ऑस्ट्रियांत आणखी एक उभी राहिली. एअरोलॉजिक ही कंपनी तर लुफ्तान्साच्या माल-विभागाशीं निम्म्या भागीदारींत २००७ सालीं काढलेली आहे. तिची व्यवस्था मोठी मौजेची होती. आठवड्याच्या कामाच्या दिवसांत विमानें तातडीचीं पार्सलें नेत, आणि शनिवार-रविवारीं, जेव्हां कचेऱ्या बंद असल्यामुळें पार्सलें थोडीं असतात, तेव्हां तींच विमानें लुफ्तान्साचा साधा माल वाहत. दोन शेतकऱ्यांनीं एकच बैलजोडी वारानें वांटून घ्यावी, तसा हा प्रकार.

हिंदुस्थानांतही हेंच सूत्र लागू आहे. परदेशी विमानाला येथें मुंबईचा माल चेन्नईस नेऊन टाकतां येत नाहीं. देशांतील वाहतूक देशांतील कंपनीनेंच केली पाहिजे. १९८३ सालीं मुंबईंत निघालेली ब्लू डार्ट ही कंपनी १९९६ पासून स्वतःच्या मालविमानांनीं हें काम करीत आली आहे. तिची मुख्य कचेरी मुंबईंत अंधेरीस, तर विमानांचें ठाणें चेन्नईस. २००४ सालीं तिचा बहुतांश भाग डी. एच. एल. नें घेण्याचा करार केला, आणि आज तिचा पाऊण हिस्सा त्या कंपनीकडे आहे. तिचीं विमानेंही रात्रींच उडतात, आणि नाशिकच्या कारखान्यांतून निघालेलें पार्सल मुंबईस येऊन तेथून कलकत्त्यास जातें तें दोन प्रहरीं नव्हे.

पण रात्र कोणा एकाची नसते. तिच्यावर झोंपणाऱ्यांचाही हक्क आहे, आणि डी. एच. एल. चें केंद्र लाइपझिगला आलें तें ह्याच तंट्यांतून. १९८५ पासून हें केंद्र बेल्जमची राजधानी ब्रुसेल्स येथें होतें. विमानतळाभोंवतीं दाट वस्ती. रात्रीं दोनला डोक्यावरून विमान गेलें, कीं पाळण्यांतील मूल दचकून उठावें. त्यांत बेल्जममध्यें दोन भाषांचे लोक, आणि विमानें फ्लेमिश भाषिकांच्या घरांवरून न्यावींत कीं फ्रेंच भाषिकांच्या, ह्यावर मंत्रिमंडळें डळमळावींत इतका वाद पेटे. कंपनीला केंद्र वाढवावयाचें होतें. २००४ सालीं सरकारांत एकमत झालें नाहीं, आणि कंपनीनें लाइपझिगला जाण्याचें जाहीर केलें. पूर्व जर्मनीचा तो मुलूख साम्यवादी राजवट गेल्यानंतर बेकारीनें ग्रासलेला होता. तेथें हजारों लोकांना काम मिळणार म्हणून सरकारनें दारें उघडलीं. तेथील रहिवाशांनीं न्यायालयांत धांव घेतली नाहीं असें मात्र नव्हे. जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानें २००६ सालीं निवाडा दिला, त्याचा आशय असा, कीं ऐन मध्यरात्रीच्या तासांत तातडीचा माल नेणाऱ्या विमानांस मुभा असावी, इतर माल तेथें घुसवूं नये. २००८ सालीं नवें केंद्र सुरू झालें. घरांच्या खिडक्यांना आवाज रोखणाऱ्या कांचा बसविण्यांत आल्या आणि इंजिनांच्या चांचणीसाठीं बंदिस्त इमारत बांधली गेली. आज सहा हजारांहून अधिक लोक तेथें काम करतात, आणि त्यांतील पुष्कळांची रात्र म्हणजेच दिवस झाली आहे. ब्रुसेल्सचा आवाज कमी झाला तो नाहींसा होऊन नव्हे, दुसऱ्यांच्या छपरांवर जाऊन.

केंद्र येण्याचा आनंद आणि जाण्याचें दुःख अमेरिकेंतील विल्मिंग्टन ह्या ओहायो राज्यांतील छोट्या गांवानें तीन-चार वर्षांतच अनुभवलें. २००५ मध्यें कंपनीनें आपलें अमेरिकन केंद्र तेथें नेलें. अमेरिकेंतील प्रतिस्पर्ध्यांपुढें टिकाव लागेना, तेव्हां नोव्हेंबर २००८ मध्यें तिनें त्या देशांतला अंतर्गत व्यवहारच बंद करण्याचें जाहीर केलें, आणि केंद्र पुन्हां सिनसिनाटीकडे गेलें. बारा हजारांच्या आसपास वस्तीच्या त्या गांवांत व भोंवतालच्या मुलुखांत हजारों लोकांची नोकरी एका घोषणेनें गेली. कारखाना हलवावयास वर्षें लागतात. विमानांचें केंद्र हलवावयास वेळापत्रक बदललें कीं पुरतें.

रात्रीच्या आकाशांतील धोकाही लक्षांत घेतला पाहिजे. १ जुलै २००२ च्या रात्रीं जर्मनींत युबरलिंगेनजवळ डी. एच. एल. चें बोइंग ७५७ आणि रशियाहून स्पेनकडे निघालेलें एक तुपोलेव विमान ह्यांची टक्कर झाली. मालविमानांत दोघे वैमानिक होते; दुसऱ्यांत एकोणसत्तर माणसें, आणि त्यांत बहुतेक सुट्टीवर निघालेलीं शाळकरी मुलें. एकहत्तरांपैकीं कोणीही वांचलें नाहीं. त्या भागाचें नियंत्रण झुरिचहून होत असे, आणि त्या रात्रीं एकच नियंत्रक दोन जागांचें काम पाहत होता. दूरध्वनीची मुख्य जोडणीही दुरुस्तीसाठीं बंद होती. विमानांतील इशारा-यंत्रांनीं एकास वर व दुसऱ्यास खालीं जाण्यास सांगितलें होतें. नियंत्रकानें नेमकें ज्यास वर जावयाचें होतें, त्यासच खालीं जाण्यास सांगितलें, आणि दोन्ही विमानें खालीं उतरत राहिलीं. अशा वेळीं माणसाच्या सूचनेपेक्षां यंत्राचा इशारा मानावा, हा नियम त्यानंतर स्पष्ट करण्यांत आला. पुढच्याच वर्षीं, २२ नोव्हेंबर २००३ रोजीं, बगदादहून उडालेल्या कंपनीच्या एका एअरबस विमानावर क्षेपणास्त्र आदळलें. पंख पेटला, सुकाणूं चालविणारी तेलदाबाची सारी यंत्रणा निकामी झाली. विमानांतील तिघां कर्मचाऱ्यांनीं केवळ दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करून विमान वळविलें आणि बगदादलाच सुखरूप उतरविलें.

ह्यापेक्षांही बिकट संकट पार्सलाच्या आंतच असूं शकतें. जुलै २०२४ मध्यें लाइपझिगच्या केंद्रांतच एका पार्सलानें पेट घेतला. तें विमानांत चढविण्यापूर्वीं जमिनीवरच पेटलें, म्हणून निभावलें. आकाशांत पेटलें असतें तर विमान कोसळलें असतें, असें जर्मनीच्या अंतर्गत गुप्तचर खात्याच्या प्रमुखानें पुढें संसदेच्या समितीपुढें सांगितलें. त्याच सुमारास इंग्लंड व पोलंड येथेंही अशीं पार्सलें पेटलीं. पाश्चात्य अधिकाऱ्यांनीं रशियाच्या हस्तकांकडे बोट दाखविलें. रशियानें आरोप नाकारला. तेव्हांपासून पाठविणाऱ्याची व मालाची चौकशी कडक झाली आहे. प्रत्येक संशयित नग बाजूस काढावा लागतो, क्ष-किरणांनीं पाहावा लागतो, प्रसंगीं उघडावा लागतो. आणि त्यासाठीं लागणारीं मिनिटें मध्यरात्र व पहाट ह्यांच्या मधल्या त्या थोड्या तासांतूनच काढावीं लागतात.